येऊ दे

"येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे," उस्ताद मागून ओरडत होता आणि त्याच्या आवाजावर भरवसा ठेवून त्याची बायको ट्रेलर मागे घेत होती. मग धाडकन आवाज झाला आणि केबिनमधली पाण्याची बाटली तिच्या पायाशी येऊन पडली.

ती खाली उतरली. ट्रेलरचा मागचा कोपरा माल चढवायच्या डॉकच्या खांबावर जाऊन बसला होता. खांब काही लपून बसलेला नव्हता. पिवळे-काळे पट्टे मारलेला, माणसाहून उंच, आणि उस्ताद त्याच्या शेजारीच उभा होता.

"डोळे फुटलेत का तुझे?" उलट तोच तिच्यावर खेकसला.

"अहो, तुम्हीच येऊ दे म्हणत होतात!"

"मी म्हणेन विहिरीत उडी मार. मारशील?"

जुन्या टायरांच्या ढिगावर बसलेले ड्रायव्हर फिदीफिदी हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं," त्यांतला एक म्हणाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा, आणि ऐकून घ्यायचं हिने.

ट्रेलर मागे घेणं हे मुळातच उफराटं काम. शेपूट डावीकडे हवी तर चाक उजवीकडे फिरवायचं, आणि शेपूट वळायला लागली की लगेच चाक परत आणायचं, नाहीतर गाडीची मधोमध घडी होते. हे सगळं ती शिकली होती, मोकळ्या मैदानात रिकामी पिंपं मांडून, शिव्या खात. शीक म्हणून मागे लागला होता तो उस्तादच. पण ती जसजशी शिकत गेली तसतसा तो जास्तच चिडत गेला. आज तर त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, की गाडी डॉकला नीट लागली तर उद्या हिने लायसन्सच्या परीक्षेला जावं, नाही लागली तर परीक्षा विसरावी. परवाची फेरी तोच नेणार.

"झालं," उस्ताद आता म्हणाला. "किल्ली दे."

"नाही देत."

टायरांवरचं हसणं थांबलं.

"अजून एकदा घेते," ती म्हणाली. "आणि तुम्ही मागे उभं राहायचं नाही. माझ्या शेजारी बसायचं. बघू कोणाचं चुकतंय ते."

गाडी सरळ करायला तिने पुढे घेतली. डाव्या बाजूला दुसरा ट्रेलर अगदी खेटून उभा होता. आरसा घासेल म्हणून एक ड्रायव्हर धावत आला आणि त्याने तो हाताने पुढे मिटून दिला. ती तशीच पुढे आली, थांबली. उस्ताद पायरी न बघता सवयीने वर चढला, डावीकडच्या सीटवर बसला आणि त्याने दार गरजेपेक्षा जोरात आपटलं.

ती मागे घेऊ लागली. ट्रेलर डावीकडे वळला तसा तिच्या बाजूच्या आरशातून नाहीसा झाला. तिथे आता नुसतं मोकळं आवार. शेपूट आणि खांब, दोन्ही उस्तादच्या बाजूला.

"तुमच्या आरशात खांब दिसतोय का?"

"दिसतोय ना."

"किती जागा आहे?"

उस्तादने खिडकीकडे तोंड केलं, आरशाकडे नीट बघितलं. "भरपूर आहे. येऊ दे. येऊ दे."

तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. आरसा मिटलेलाच होता. त्याच्या नाकासमोर आरशाची काळी पाठ होती.

तिने करकचून ब्रेक दाबला.

"येऊ दे म्हटलं ना!"

"आरसा मिटलेला आहे," ती म्हणाली.

उस्तादने खिडकीतून हात बाहेर काढला, चाचपला आणि मांडीवर आणून ठेवला.

"कधीपासून?"

"कडेचं दिसतं सगळं," तो म्हणाला. "जिकडे बघतो, तेवढंच नेमकं दिसत नाही." मग खालच्या आवाजात, "तुला शीक म्हटलं ना, त्याच्या आधीपासून."

क्षणभर तिला वाटलं, आपल्याला आता रडू येणार. पण आला तो संतापच.

"मागच्या सुट्टीत आपल्या धाकटीला घेऊन घाट उतरलात तुम्ही. इथे बसली होती ती. इथे!" तिने त्याच्या सीटवर हात आपटला. "आणि परवाही नेणार होतात!"

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्त्यावरची माणसं पाठ आहेत?"

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "काय उस्ताद, गाडी झोपली का?" पुन्हा हशा.

"यांना सांगू नकोस," तो पुटपुटला.

ती जागेवरून उठली, त्याच्या अंगावरून वाकून खिडकीबाहेर हात घातला आणि आरसा खाडकन उघडला. खांब दिसला. त्याच्यात आणि गाडीत जेमतेम वीतभर अंतर उरलं होतं.

ती परत येऊन बसली. थोडी पुढे घेतली, चाक फिरवलं, मान वळवून डावा आरसा नजरेत धरला आणि गाडी मागे सोडली. खांब आरशात हळूहळू जवळ येत होता.

"येऊ...." उस्तादच्या तोंडून निघालंच.

"गप्प बसा," ती म्हणाली. "लागली की मी सांगते."