धारेची खात्री

काळाचौकीच्या वसंतराव परबांना गेली बत्तीस वर्षं बायकोला, कालिंदीताईंना, स्वयंपाकात मदत करण्याची फार इच्छा होती. आडवी येत होती ती सुरी. दर रविवारी मटणाच्या वाटणाची तयारी सुरू झाली की ते सोफ्यावरून हळहळायचे, "काय करणार, सुरी बोथट आहे गं, नाहीतर कांदे मीच चिरले असते!"

शेवटी कालिंदीताईंनी घरून सुऱ्या नेऊन, मशीनवर धार लावून परत आणून देणारी एक कंपनी शोधून काढली. तर वसंतरावांना शंका. "सुरी बदलून दिली म्हणजे? घासून घासून पातंच खाल्लं म्हणजे? असा कुणावरही विश्वास टाकायचा नसतो. थांब, मी आधी रिव्ह्यू वाचतो."

दोन आठवडे ते रिव्ह्यूच वाचत होते. तिसऱ्या आठवड्यात कालिंदीताईंनी त्यांना न विचारता सुरी देऊन टाकली.

रविवारी सकाळी सुरी परत आली. वसंतरावांनी ती पेपरच्या कडेला नुसती टेकवली, तर पट्टी अलगद कापून खाली पडली. समोर किलोभर कांदे वाट बघत होते.

"बाप रे, एवढी धार! बोट-बिट कापलं म्हणजे?" म्हणत त्यांनी सुरी हळूच बाजूला सरकवली.



कालिंदीताईंनी कपाटातून एक पाकीट काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "हातमोजे आहेत. सुरीने कापले जात नाहीत. तुम्ही रिव्ह्यू वाचत होतात ना, तेव्हाच मागवले."