हेक्टरला हाक

आई हाक मारायची, आणि हेक्टर समोर येऊन उभा राहिला तरी दाराकडेच बघत राहायची. सत्तरी उलटली, तरी त्याच्या मनातली ती सल गेली नव्हती.

घराण्याची मुळं शोधताना त्याच्या बायकोला, इशबेलला, त्यांच्या स्कॉटिश बेटावरच्या स्टॉर्नोवे बंदराचं चित्र असलेलं जुनं पोस्टकार्ड मिळालं. आईनं मावशीला लिहिलं होतं, ‘आपला हेक्टर तापात गेला. पोटातला मुलगा असला, तर त्यालाही हेच नाव.’

“आपल्या बेटावरची रीतच होती रे ती,” इशबेल हळूच म्हणाली.

“म्हणजे थोरल्याच्या स्वेटरसारखं नावही जुनंच घातलं मला!”

ती चहा करायला उठली. थोड्या वेळानं आतून हाक आली, “हेक्टर, ये रे!”



हेक्टर जागचा हलला नाही. कोण येतंय ते बघत दाराकडे तोंड करून बसून राहिला.