ढगांच्या हातांपुढचं

“आज तरी पुढचं शिकवा ना, प्रभाकरराव,” सुमतीबाई म्हणाल्या.

“नाय बाई. आधी हे नीट येऊ दे. तुमचा खांदा अजून वर चढतो.”

खांदा बिलकूल वर चढत नव्हता. प्रभाकर घरत धडधडीत खोटं बोलत होता आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

पनवेलच्या वडाळे तळ्याच्या काठावर, कोवळ्या उन्हात, दोघं समोरासमोर उभे होते. गुडघे किंचित वाकवायचे, मोठा हंडा कवटाळल्यासारखे हात धरायचे, श्वास पोटात घ्यायचा. मग ते हात सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचे, ढग सरकतात तसे. धुणं घेऊन आलेल्या बायका सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसल्या. आता त्यांनाही सवय झाली होती.

हे सगळं प्रभाकर बोटीवर शिकला. तो इंजिनाचं तेलपाणी बघायचा आणि बोटीवरचा चिनी स्वयंपाकी पहाटे डेकवर ताई-ची हा संथ चिनी व्यायाम करायचा. ‘ची’ म्हणजे अंगातला प्राण, तो वाहता ठेवायचा, एवढं प्रभाकरला समजलं. घोड्याची आयाळ, बगळ्याचे पंख, ढगांचे हात, अशी त्यातल्या हालचालींची नावं. इथवर शिकवून झालं आणि स्वयंपाकी सिंगापूरला उतरला तो कायमचा. पुढे बरंच काही होतं म्हणे. प्रभाकरला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं.

पण हे कबूल करायची त्याची छाती होत नव्हती. कारण सुमतीबाई मरणार होत्या.

तसं त्याला सुभाष डॉक्टरनेच सांगितलं होतं. सुभाष त्याचा शाळूसोबती, पनवेलात दवाखाना थाटून बसलेला. प्रभाकर बोट सोडून आला तो खोकला घेऊनच. डॉक्टरने छातीचा फोटो काढला, सुईने पाणी काढलं, मुंबईला तपासायला पाठवलं आणि गोळ्या दिल्या. “न्युमोनिया मुरलाय. वेळ लागेल,” म्हणाला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. प्रभाकरने विचुंब्यात भावाच्या पडवीत खाट धरली ती सोडेचना. मग एक दिवस डॉक्टर स्कूटरवरून आला आणि खाटेच्या कडेवर बसला.

“माझी एक पेशंट आहे. शाळेत शिकवायची. तिच्यासाठी माझ्याकडे आता औषध उरलेलं नाही. तुझं ते चिनी काय आहे, ते तिला शिकव.”

“त्यानं बरी व्हईल ती?”

“नाही. पण राहिलेले दिवस बरे जातील. आणि हे बघ, तिच्यासमोर आजाराचं नाव काढू नकोस.”

प्रभाकरने ते कधीच काढलं नाही. रोज सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तो रिक्षाने तळ्यावर यायला लागला. बाई फार लवकर दमायच्या. जरा हात वर गेले की “बसू या का थोडं?” म्हणायच्या. त्यालाही धाप लागलेली असे, त्यामुळे बरंच व्हायचं. थर्मासमधून त्या नाचणीची आंबील आणत आणि आग्रह करकरून त्यालाच जास्त पाजत. बिचारीला अन्न जात नसणार, असं वाटून तो पेला रिकामा करायचा.

“आमचे हे गेले ना, ते भिंतीकडे तोंड करून पडूनच गेले,” एकदा त्या म्हणाल्या. “तसं कुणी जाऊ नये हो.”

प्रभाकर उठला आणि ढगांचे हात पुन्हा पहिल्यापासून दाखवू लागला.

घरी कुणाशी बोलावं तर वेणूवैनी होती. तिची जीभ आख्ख्या विचुंब्याला ठाऊक. पण हल्ली तीही त्याला उलटून बोलत नव्हती. ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढायची आणि मुकाट्याने आत जायची. हिच्यापर्यंतही बाईंची बातमी पोचली असणार, त्याने मनात म्हटलं.

शेवटी त्याला राहवेना. मरती बाई आपल्याकडे एक गोष्ट मागते आणि आपण तिला खांद्याची सबब सांगतो. एस.टी. पकडून त्याने मुंबईत माझगाव गाठलं. तिथे एक म्हातारा चिनी कवळ्या बनवतो आणि ताई-चीही जाणतो, असं बोटीवरच्या कुणीतरी सांगितलं होतं. माडीचा जिना तो थांबत थांबत चढला. म्हाताऱ्याने त्याला ढगांचे हात करून दाखवायला लावले, पण बघत होता तो हातांकडे नाही, तोंडाकडे.

“बाकी का सिखाव, चाचा.”

“दो महिना लगेगा. रोज आना पडेगा. किसके वास्ते?”

“एक बीमार बाई है.”

“पहले बैठो,” म्हातारा म्हणाला आणि आतून गरम पाणी घेऊन आला.

पनवेलला उतरून प्रभाकर घरी न जाता तडक दवाखान्यात गेला. पेशंट संपले होते. कितीतरी महिन्यांनी त्याला कशाची तरी घाई झाली होती.

“डॉक्टर, आज खरं सांग. मला अर्धंच येतं. बाईंना फसवत आलोय मी. पन शिकवनारा मिळालाय, दोन महिने लागतील.” खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत तो टेबल धरून उभा राहिला. “तेवढे दिवस हायत का रे तिच्याकडं? असतील तर उद्यापासून जातो. तिला पुरं शिकवतो, मग देवाला न्यायची ती नेऊ दे.”

डॉक्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सुमतीबाईंकडे पुष्कळ वर्षं आहेत, प्रभाकर,” तो म्हणाला. “दोन महिने तुझ्याकडे नाहीत.”