शेजाऱ्याला दिसलं पाहिजे
बस मठाच्या आवारात वळली तसं दुइलिओने वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि तो खिडकीशी गेला. मठ बघायला आलेली मंडळी जेवणघराच्या मधोमध ताटकळत उभी राहिली. बसमधून शाळेची पोरं उतरली, दोन शिक्षिका उतरल्या, शेवटी ड्रायव्हर उतरून सिगारेट ओढायला बाजूला गेला. आणखी कोणी उतरलं नाही. दुइलिओला कोंडल्यासारखं झालं. त्याने खिडकी सताड उघडली. नोव्हेंबरचा वारा आत आला.

उभा जन्म तोरिनो शहरात ट्राम चालवण्यात गेलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर इथे सेवेला येऊन राहिला होता. पाहुण्यांना मठ दाखवायचा, दुकानात मध विकायचा, ओवऱ्या झाडायच्या. इथे सगळे सावकाश चालत, सावकाश बोलत. याच्या पायाला मात्र भिंगरी. हातातला झाडू टाकून तो प्रत्येक बस बघायला धावायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "पाहुण्यांना सामोरं जायला नको?"

खरी गोष्ट वेगळी होती. बायको मिरेल्ला गेली तेव्हा दफनभूमीच्या दारात मुलगी लोरेदाना त्याला म्हणाली होती, "आईने कधी मागितलं नाही आणि तुम्ही कधी बघितलं नाही." त्यानंतर लोरेदानाने ना फोन केला, ना तोंड दाखवलं. यानेही केला नाही. हट्टात तो तिचाच बाप. मेहुणीकरवी फक्त आपला ठावठिकाणा तिला कळवला आणि रोज तिची वाट बघत बसला. आपण काय बघितलं नाही, हे मात्र त्याला अजून उमगलं नव्हतं.

"तर मंडळी, या जेवणघराचा नियम मोठा विचित्र," तो परत येऊन म्हणाला. "जेवताना बोलायचं नाही. आणि स्वतःसाठी काही मागायचं नाही. मीठ नाही, पाणी नाही, खूणसुद्धा करायची नाही. आपल्याला काय हवंय ते शेजाऱ्याला दिसलं पाहिजे."

"माझ्या नवऱ्याला आणून बसवा इथे," एक बाई म्हणाली. "महिन्याभरात पोट उतरेल मेल्याचं!"

सगळे हसले. असा विनोद कोणी ना कोणी रोज करायचंच. दुइलिओही रोजच्यासारखा हसला.

"आणि शेजाऱ्याला दिसलंच नाही तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"तर उपाशी उठायचं," त्याने ठरलेलं उत्तर दिलं. मग तो आवाज त्याच्या काळजात उतरला. त्याने मान वर केली. तो बसकडे बघत होता तेव्हा ती त्याच्या पाठीमागेच, खांबाशी उभी होती.

"आई उठली तशी," लोरेदाना म्हणाली.

या वेळी कोणी हसलं नाही. दुइलिओने तोंड उघडलं, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. मंडळी मधाच्या दुकानाकडे पांगली. साधू एकामागून एक आत आले. पाहुण्यांची व्यवस्था बघणारे पाद्रे कलिस्तो काठी टेकत आले आणि दुइलिओच्या जागेसमोरची खुर्ची त्यांनी लोरेदानासाठी ओढली. मठातल्या कोणाला भेटायला आलेल्या माणसालाही त्याच मेजाशी बसवायची इथली रीत होती.

पाद्रे कलिस्तो रोज दुइलिओच्या शेजारी बसत. याला आठवण व्हायच्या आत तेलाची कुपी याच्यापुढे येई, पावाचा कडेचा खरपूस तुकडाही येई. सुरुवातीला दुइलिओला त्याचा रागच यायचा. आपण काय तान्हं बाळ आहोत?

मसुराचं सूप आलं. वरच्या सज्ज्यातून एक तरुण साधू काहीतरी वाचू लागला. दुइलिओने पाण्याचा जग मुलीकडे सरकवला. तिचा पेला भरलेलाच होता. मीठ सरकवलं, तिने घेतलं नाही. चीज सरकवलं, ते तिने पुढे ढकललं. ट्राम चालवताना त्याला चौकापलीकडे रूळ ओलांडणारा म्हातारासुद्धा दिसायचा. मेजापलीकडची मुलगी दिसेना.

मग त्याला तिचे हात दिसले. म्हणजे दिसले नाहीत. तिने ते स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले होते.

मिरेल्ला अशीच बसायची. स्वयंपाकघरात, मेजाशी, बाह्यांत हात ओढून. लग्नापासून. ती तिची सवयच आहे, असं तो धरून चालला होता. दिवसभर ट्रामच्या खोक्यात बसून जीव गुदमरायचा, म्हणून घरात पाऊल टाकल्या टाकल्या तो आधी खिडकी उघडायचा. एकदासुद्धा ती म्हणाली नाही, लावून घ्या.

दुइलिओ उठला. खुर्ची फरशीवर करकरली. वाचणारा साधू अडखळला, कारण भर जेवणातून तिथे कोणी उठत नसे. दुइलिओ जेवणघर ओलांडून गेला, त्याने खिडकी लावली, कडी घातली आणि तिथेच भिंतीला हात टेकून थोडा वेळ उभा राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं. परत येऊन बसला तेव्हा समोरचं सूप त्याला धड दिसत नव्हतं. लोरेदानाने बाह्यांतून हात बाहेर काढले आणि चमचा उचलला.

जेवणानंतर दोघं अंगणात आली. बोलायला आता बंदी नव्हती.

"मावशीने सांगितलं म्हणून आलीस?" त्याने विचारलं.

"मावशी वर्षभर सांगतेय, पपा. तिचं ऐकलं असतं तर तेव्हाच आले असते."

"मग?"

"परवा एका म्हाताऱ्या पाद्रींचा फोन आला. म्हणाले, तुमचे वडील जेवायला माझ्या शेजारी बसतात. त्यांना काहीतरी हवंय, आणि ते मागत नाहीयेत."