आधीचा बार

टेबलावर पांढऱ्या कागदावर रायफलचे अकरा तुकडे मांडले होते. प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. नळी मात्र तपासनीस बाईंनी सकाळीच उभी चिरून घेतली होती आणि तिचे दोन्ही अर्धे फडक्याखाली झाकून ठेवले होते.

समोर दोघे भाऊ बसले होते. थोरल्याच्या डाव्या हाताला पट्टी होती. त्या पट्टीत पाच बोटं मावण्याएवढी जागा नव्हती. धाकट्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून ती त्याच्यापुढे सरकवली.

"पोलादच कच्चं होतं," थोरला म्हणाला. "तक्रारीत लिहिलंय मी. आमच्या नेमबाजीच्या क्लबात तसल्याच आणखी चाळीस रायफली आहेत. अजून कुणाचा हात जायची वाट बघताय का?"

"चाळीसही कुलपात आहेत. म्हणून तर तुम्हाला बोलावलं." बाईंचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "पोलाद तीनदा तपासलं. त्यात खोट नाही."

त्यांनी फडकं उचललं. नळी मध्येच कड्यासारखी फुगून फाटली होती. तिथे एका गोळीच्या बुडात दुसरी गोळी रुतून बसली होती.

"पुढची गोळी आधीच्या बाराची. त्या काडतुसात दारूच नव्हती. बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, नुसत्या तिच्या जोरावर गोळी एवढीच सरकली आणि अडकली. तिच्यावर तुम्ही दुसरी झाडलीत. काडतुसं घरी भरता ना? कोण भरतं?"

"मी," दोघेही एकदमच म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. ओढून घेणारी क्वचितच.

"मीच भरतो, मॅडम," धाकटा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "दादाला जवळचं बारीक दिसत नाही. त्या दिवशी शंभर भरली, त्यातलं एक रिकामं राहिलं. दवाखान्यात पहिल्या दिवसापासून सांगतोय, हा ऐकूनच घेत नाही."

"तू गप रे. तुला कुणी विचारलं?"

"एका रिकाम्या काडतुसाने नळी फाटत नाही," बाई म्हणाल्या. "आधीचा बार कसा वाजला?"

थोरला चिरलेल्या नळीकडे बघत राहिला.

"फुसका. टाळी वाजवावी तसा. निशाणावर भोकही पडलं नाही."

"मग थांबला का नाहीत?"

"गडबडीत कुणाच्या लक्षात येतंय हो?" धाकटा घाईघाईने म्हणाला.

"हा थांब म्हणाला होता," थोरला म्हणाला. भावाकडे न बघता, त्या नळीलाच सांगितल्यासारखं. "दोनदा म्हणाला. मागून ओरडला. मी म्हटलं, भित्रा तो भित्राच राहणार. आजूबाजूचे चार जण हसले. आणि मी चाप ओढला."



बाई धाकट्याकडे वळल्या. "हे तुमच्या जबाबात नाही."

"विचारलं नाही कुणी." धाकटा म्हणाला, "आणि सांगून काय, त्याची बोटं परत येणार होती?"

बाईंनी चार-पाच ओळी लिहिल्या आणि कागद थोरल्यापुढे ठेवला. पोलादाची तक्रार मागे घेतल्याचं त्यात होतं, आणि दोन्ही बारांची हकिगत. त्याने मान मागे घेऊन, डोळे बारीक करून ती शेवटपर्यंत वाचली. सही केली. धाकट्याने कागद हलू नये म्हणून एक बोट कोपऱ्यावर धरलं होतं.

दोघे उठले. दाराशी थोरल्याच्या बुटाची नाडी सुटून जमिनीवर लोळत असलेली दिसली. धाकटा ती बांधायला खाली बसला.

थोरल्याने पाय मागे घेतला. "राहू दे."

धाकटा उठला नाही. हात तसेच पुढे धरून बसून राहिला.

थोरल्याने उजव्या हाताने दाराची चौकट धरली आणि पाय पुढे केला.