गॅलरीतली लाल चादर

आगगाडीचे डबे बोटीच्या पोटात घ्यायचे आणि साखळ्यांनी करकचून बांधायचे, हे काम तिंदारोने मेसिनाच्या बंदरातून पलीकडच्या किनाऱ्याला जाणाऱ्या बोटीवर चौतीस वर्षं केलं. आज पहिल्यांदाच तो त्या बोटीवर प्रवासी होता. गाडी खाली ठेवून सगळे वर येतात तसा तोही बायकोबरोबर वर डेकवर आला, हातात तळलेल्या भाताचा गरम गोळा घेऊन. किनाऱ्यावर त्यांच्या घराची गॅलरी स्वच्छ दिसत होती. तिकडे बघत त्याने एक घास खाल्ला.

"लेतेरिया, तू रोज दुपारी गॅलरीत लाल चादर टाकायचीस ना, मला बोटीवरून दिसावी म्हणून? आणि मी घरी येऊन सांगायचो, दिसली म्हणून. अगं, खाली साधी खिडकीसुद्धा नाही. मला ती एकदाही दिसली नाही."

लेतेरियाने त्याच्या मिशीला चिकटलेलं शीत काढलं.

"लग्नानंतर आठव्या दिवशीच ती वाऱ्याने उडून समुद्रात गेली. मी दुसरी आणणार होते. पण संध्याकाळी तू आलास आणि म्हणालास, आज काय शोभत होती! म्हटलं, याला दिसतेय ना, मग नवी कशाला?"