तपासणाऱ्याचं नाव

लोखंडी पान्याचा पहिला घाव संपादकांच्या उजव्या हातावर बसला. हाडं मोडल्याचा आवाज फिटरला ओळखीचा नव्हता. आयुष्यभर त्याने फक्त लोखंड ठोकलं होतं.

"नाव सांगा," तो म्हणाला.

दाराला आतून कडी होती आणि कडीपुढे कपाट ओढलेलं होतं. साहाय्यक संपादिका भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या अंगाला त्याने बोटही लावलं नव्हतं. ती त्याच्या मुलीच्याच वयाची होती.

मुलीचे सांधे दुखायचे. एक नवं औषध निर्धोक असल्याचा लेख या वैद्यकीय मासिकात आला, म्हणून डॉक्टरांनी तिला ते सुरू केलं. तिचं लिव्हर गेलं आणि पाठोपाठ तीही गेली. त्यानंतर मासिकाने जाहीर केलं, की लेखातले आकडे खोटे होते, सबब लेख मागे घेतला आहे.

"लेख मागे घेतलात," फिटर म्हणाला. "मी पोरगी कशी मागे घेऊ?"

"काका, खोटं लिहिणारा डॉक्टर तुरुंगात आहे," संपादिका म्हणाली. "आणि ते खोटं उघड केलं ते सरांनीच. दुसऱ्या कुणी दडपलं असतं. इथला कारभार सुधारायला सरांनी जिवाचं रान केलंय."

"लिहिणाऱ्याचं कोर्ट बघेल. मला तो लेख ज्यानं पास केला तो पाहिजे. लेखाखाली छापलंय ना, दोन तज्ज्ञांनी तपासला म्हणून? आमच्याकडं बॉयलर पास करणाऱ्याचं नाव बॉयलरवर ठोकतात. फुटला की आधी त्याची मानगूट. तुमच्याकडं काय भुतं पास करतात?"

"नावं गुप्त ठेवायची पद्धत आहे. तपासणाऱ्यावर लेखकाची भीड पडू नये म्हणून. लेख कुणाकडे जातो ते सरांनाच ठाऊक असतं, मलाही नाही."

"मग सरच बोलतील."

दुसरा घाव खांद्यावर पडला. संपादक खुर्चीवरून घसरले. फिटरने बुटाची लाथ तोंडावर मारली, तसे दोन दात फरशीवर सांडले. पांढऱ्या सदऱ्याची छाती लाल झाली.

बाहेर पोलीस दारावर धडका देऊ लागले होते.

"सर, सांगून टाका," संपादिका रडत म्हणाली. "कुणाचं तरी नाव घ्या. जीव जाईल तुमचा."

संपादकांनी नकारार्थी मान हलवली. "नाव घेतलं, तर हे उद्या त्याच्या दारात उभे राहतील," ते कसेबसे म्हणाले. "मी कुणाच्या घरी मरण पाठवणार नाही."

फिटरच्या डोळ्यांत रक्त उतरलं. त्याने पाना डोक्यावर उगारला. "शेवटचं विचारतो."

संपादकांनी डोळे मिटले. हातसुद्धा आडवा धरला नाही.

पाना वरच राहिला. फिटरने कारखान्यात खूप माणसं पाहिली होती. साधी चूक झाली, तरी साहेब हाताखालच्याकडे बोट दाखवून मोकळा व्हायचा. इथे एक माणूस दुसऱ्याच्या वाटचं मरण अंगावर घ्यायला बसला होता. फिटरचा हात हळूहळू खाली आला, बोटं सैल पडली. पाना फरशीवर आपटला.

तो गुडघ्यांवर बसला आणि आपल्या बाहीने संपादकांच्या हनुवटीवरचं रक्त पुसू लागला.

"चुकलो, साहेब. मला वाटलं, सगळे एकाच माळेचे मणी. तुमच्यासारख्या माणसाच्या हातात तो लेख तपासायला पडला असता, तर माझी पोरगी आज घरी असती. पोरीच्या नावानं एका देवमाणसाला मारलं मी. मला माफ करा."

संपादिका कपाट ढकलायला धावली. संपादकांनी मोडका हात उचलून फिटरची बाही तोंडापासून दूर केली.

"पाना उचला," ते म्हणाले. "तो लेख मी तपासायला कुणाकडे पाठवलाच नव्हता."